दोऱ्याचा रंग

२४ ऑगस्ट, रविवार

महेश म्हणतो, लिहून ठेव. कुठल्या पाण्यात कुठला रंग चालला हे डोक्यात राहत नाही, आणि गळ टाकणारा माणूस आठवणीतून हमखास थापा मारतो. महेश माझा शाळेपासूनचा दोस्त. नाशकात त्याचं गळ, रॉड, रीळ विकायचं दुकान आहे, त्यामुळे दर वर्षी तो माझ्या गळ्यात काहीतरी मारतोच. यंदा फुकटचा सल्ला दिला, म्हणून ऐकतोय.

तर कारण असं की पुढच्या महिन्यात निफाडकडच्या एका तळ्यावर मरळीची स्पर्धा आहे, जोड्यांची. मासा धरायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा. पितृपक्षात ठेवतात, कारण तेव्हा आम्हा फुलवाल्यांना बाजारात कुणी विचारत नाही. माझी जोडी माझ्या लेकीबरोबर, हर्षालीबरोबर. गेल्या दोन्ही वेळेला आम्हीच पहिले आलो. यंदाही येऊ, फक्त रंगाचा घोळ मिटला पाहिजे.

घोळ काय ते लिहितो. मरळ पाण्यावरचं घेते. रबरी बेडूक शेवाळावरून, पानांवरून टुणूक टुणूक ओढत आणायचा. खालून ती येते, पाणी फुटतं, बेडूक गायब होतो. श्वासभर थांबायचं आणि मग झटका. या एका क्षणासाठी शहाणीसुरती माणसं अंधारात उठतात. आज आमच्या शिवारापलीकडच्या पाझर तलावावर हिरवा बेडूक आणि हिरवा दोरा घेऊन गेलो. हर्षाली "पप्पा, घेतला!" म्हणून ओरडली आणि मी झटका देईपर्यंत मरळ बेडूक थुंकून गेलीसुद्धा. पुन्हा तसंच झालं. मला बेडूक दिसतच नव्हता. हिरव्यात हिरवा दिसणार तरी कसा? पोरीला दिसत होता. ती हल्ली नेहमी माझ्या उजव्या हाताला बसते, तिकडून उजेड बरा पडत असावा.

उद्यापासून काळा बेडूक. मरळ खालून बघते, तिला पोट तेवढं दिसतं, आणि ढगाळ आभाळावर काळं पोट उठून दिसतं. दोरा मात्र हिरवाच ठेवणार. माणसाला दिसणारा दोरा माशालाही दिसतो, यावर मी ठाम आहे.

२९ ऑगस्ट

गणपतीची धामधूम. पहाटे झेंडू भरून पिकअप बाजारात नेली, माल हातोहात गेला. फक्त येताना कुणीतरी गाडीचा डावा आरसा उडवला. सुवर्णाने विचारलं, कुणी? म्हटलं, रिक्षावाल्याने. रिक्षा कुठे चालली होती? म्हटलं, उभी होती. तर म्हणे, "अहो, उभ्या रिक्षेने तुमचा आरसा कसा उडवला?" ही बाई वकील व्हायची, चुकून माझ्या घरात आली.

मग जेवताना तिचं तेच सुरू झालं. डोळे दाखवून या, डोळे दाखवून या. हर्षाली मान खाली घालून जेवत होती. एरवी आईच्या विरोधात माझी बाजू घेते, आज एक शब्द बोलली नाही. मला राग आला.

२ सप्टेंबर

दाखवले डोळे! घरातलं तुणतुणं बंद व्हावं म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो. समोरच्या पाटीवर अक्षरं लहान लहान होत जातात ना, तर शेवटची ओळ धडाधडा वाचली. दोन्ही डोळ्यांनी. दुकानदार म्हणाला, साहेब, पन्नाशीला आलात तरी लांबची नजर फर्स्टक्लास, फक्त वाचायचा नंबर वाढलाय. म्हटलं हेच वाक्य घरी येऊन बोला.

घरी येऊन सांगितलं. सुवर्णाचा चेहरा पडलाच नाही, उलट जरा सुटल्यासारखी हसली. हर्षाली मात्र म्हणाली, "पप्पा, तो पाटीवाला दुकानदार आहे, डॉक्टर नाही." शिकलेल्या पोरांना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

म्हणजे दोष दोऱ्याचा, हे सिद्ध झालं. महेशकडून पांढरा दोरा आणला. पांढरा मला दिसेल, आणि माशाला तो आभाळात मिसळून जाईल.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन आटोपलं. बाजार थंड. पहाटेच तलावावर.

पांढरा दोरा वाया गेला. ऊन वर आलं, पाणी चमकायला लागलं आणि दोरा त्या चमकण्यात गेला तो गेलाच. काळा बेडूक तेवढा दिसत होता, तोही मी थेट त्याच्याकडे बघितलं तरच. नजर जरा हलली की पुन्हा शोधायचा. आणि नेमकी तेव्हाच मोठी मरळ आली. डावीकडून आली म्हणे. हर्षाली सांगते की पानं हलत होती, इतक्या लांबून हलत येत होती की तिला ओरडायलाही वेळ मिळाला. मी ओरडणं ऐकलं. पानं काही हलताना दिसली नाहीत.

मग तिने पिशवीतून पिवळं रीळ काढलं. पिवळं म्हणजे डोळ्यात खुपेल असं पिवळं.

म्हटलं, "पतंग उडवायचाय का?"

"दोरा तुम्हाला दिसायला पाहिजे, पप्पा. माशाजवळ जातो तो शेवटचा हातभर. तेवढा मी मार्करने काळा केलाय, बघा."

युक्ती वाईट नाही. पण माझ्या आधी तिने केली याचा राग आला, हे इथे लिहायला हरकत नाही. म्हटलं, माझ्या वयाची माणसं हिरव्या दोऱ्यावर मरळी धरत आली, तेव्हा तुझा मार्कर जन्माला आला नव्हता. तिने रीळ परत पिशवीत ठेवलं. वाद न घालता ऐकून घेतलं की मला जास्त चढते.

परत येताना म्हणते, गाडी मी चालवते. लायसन आहे तिच्याकडे, शेतातून पिकअप ती झकास काढते, पण बाप शेजारी बसलेला असताना? दिली नाही. मग अख्खा रस्ता तिचं समालोचन. डावीकडे सायकल. डावीकडे म्हैस. डावीकडून टू-व्हीलर येतेय, पप्पा, थांबा, थांबा. घरी आईची कटकट आणि गाडीत हिची. म्हैस मला दिसली नव्हती हे खरं, पण ती सावलीत उभी होती.

९ सप्टेंबर

आज लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

उजाडायच्या बेताला मखमलाबादच्या रस्त्याला लंकाबाई आडवी आली. आमच्या बांधाशेजारची म्हातारी. रोज मेथीची पाटी घेऊन चालत नाक्यापर्यंत जाते. मी ब्रेक मारला, पण पाटीला गाडी लागलीच. जुड्या रस्ताभर झाल्या. म्हातारी खाली बसली. हर्षाली गाडी थांबायच्या आधीच उतरून धावली.

लागलं नाही. देवाची कृपा. मी जुड्या गोळा करत होतो, तोंडाने तिलाच बोलत होतो, की मावशी, कडेकडेने चालायचं, हवेतून उगवल्यासारखं समोर यायचं नाही.

लंकाबाई पदर झटकत म्हणाली, "आरं शेखर, मी कडंलाच व्हते. लय येळ व्हते. तुला हात बी केला."

तिला घरी सोडलं. मेथी सगळी मीच विकत घेतली. बाजारात पोहोचल्यावर हर्षाली गाडीतून उतरली आणि टपाला हात टेकून उभी राहिली. म्हटलं, चहा घे. तर म्हणाली, "आज ती होती. उद्या शाळेतली पोरं असतील त्या रस्त्याला." म्हटलं, पोरं बघून चालतात.

उजेड कमी होता. त्या वेळेला कुणालाही दिसलं नसतं. हर्षालीला दिसली होती का, हे मी तिला विचारलं नाही.

११ सप्टेंबर

आज अण्णांचं, माझ्या वडिलांचं, पितर. बायडाबाई आत्या हरसूलहून आली. जेवणं झाल्यावर अण्णांच्या गोष्टी निघाल्या. आत्या म्हणाली, "आमचा केरूदादा शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचा, चष्मा नाय का काय नाय. पण चालताना लय धडपडायचा. दारात बांधलेलं वासरू नाय दिसायचं त्याला. आम्ही हसायचो." आम्हीही हसलो. मला अभिमान वाटला. नजर आमच्या घराण्यातच चांगली.

हर्षालीने मात्र आत्याला दोनदा विचारलं, "कधीपासून धडपडायचे? किती वय होतं?" आणि उठून मागच्या दारी गेली. मी पाणी प्यायला गेलो तर फोनवर बोलत होती. "महेशकाका, तुम्हीच सांगा ना. माझं नाही ऐकणार ते." मला बघून फोन बंद केला.

आता कळलं. स्पर्धेला तिला महेशबरोबर जोडी करायची आहे. त्याच्याकडे नवीन रॉड, नवीन रिळं, सगळे रंग. आणि बाप हिरवा दोरा घेऊन बसलेला. जेवलेलं अंगी लागलं नाही.

१२ सप्टेंबर

महेश दुकान सोडून मळ्यात आला. कधी येत नाही. इकडचं तिकडचं बोलला, आणि मग, "शेखर, स्पर्धा जाऊ दे यंदा. आधी एकदा डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर."

म्हटलं, सरळ बोल की तुला माझी जोडीदार पाहिजे. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "तुला खरंच असं वाटतं?" मी म्हटलं, हो. चहा न घेता गेला. तीस-पस्तीस वर्षांची दोस्ती, आणि माझ्या लेकीला फोडतो.

रात्रीच्या जेवणाआधी हर्षालीने दोन अटी घातल्या. दोरा पिवळा, आणि गाडी ती चालवणार. नाहीतर ती येणार नाही. बापाला अटी! मी म्हटलं, दोरा तुझा घे, गाडीला हात लावायचा नाही, आणि यायचं नसेल तर मी एकटा जातो निफाडला, मला रस्ता माहीत आहे.

ती दारापर्यंत गेली, परत आली. मग म्हणाली, "नको. मी येते. तुम्हाला एकट्याला नाही जाऊ देणार." शेवटी आलीच ना वळणावर! सुवर्णाने ताट जरा जोरातच आपटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळ चांगली गेली. आम्हाला तळ्याच्या पार टोकाची जागा मिळाली होती, गाडी पाठीमागेच उभी. पिवळा दोरा खरंच दिसत होता, मी तिला तसं सांगितलंही. काळ्या बेडकावर लवकरच एक बरी मरळ आली. हर्षाली "घेतला" म्हणाली, मी झटका दिला, बसला. मोजणारे येऊन मोजून गेले. त्या घटकेला आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो.

ऊन वर आल्यावर तिची सावली पाण्यात पडायला लागली. मी म्हटलं, डावीकडे जा. ती म्हणाली, "नको पप्पा, मी इकडेच थांबते. पाहिजे तर मागे बसते." पलीकडची जोडी बघत होती. मी आवाज चढवला. लोकांसमोर चढवला. ती गेली डावीकडे.

समोर पानांत पाणी फुटलं. डोक्यावर बाभळीची फांदी होती म्हणून मी रॉड डावीकडे नेऊन बेडूक आडवा फेकला. दोरा मध्येच अडला. मला वाटलं गवतात अडकला. मी एक झटका दिला.

तेव्हा ती ओरडली. "ओढू नका! पप्पा, ओढू नका!"

मी पूर्ण वळलो तेव्हा दिसली. माझ्या अगदी हाताच्या अंतरावर. मोजपट्टी काढायला पाठमोरी वाकली होती. बेडकाचा काटा तिच्या डाव्या भुवईत, पापणीच्या वर. तिच्या कपाळापासून माझ्या रॉडपर्यंत पिवळा दोरा लख्ख दिसत होता.

दोरा तिनेच कापला. बेडूक ओढणीत धरून कपाळाशी दाबला आणि गाडीकडे चालायला लागली. कुणाला हाक मारायची, मदत मागायची, मला काही सुचलं नाही. मी पळत जाऊन स्टिअरिंगवर बसलो. ती माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. ओढणीतून रक्त खाली येत होतं.

"सरका, पप्पा."

"अगं, तुझा डोळा..."

"माझा एक तरी डोळा उघडा आहे. सरका."

मी सरकलो. पोटच्या पोरीने असं बोलावं आणि मला त्यावर राग येऊ नये, हे पहिल्यांदाच झालं.

हमरस्त्याला लागल्यावर तिचा डावा डोळा सुजून मिटला. म्हणाली, "डावीकडचं तुम्ही सांगा. मला दिसत नाहीये." मी म्हटलं, सांगतो. बसलो सांगायला. समोर बघत होतो, रस्ता मोकळा होता. तिने एकदम ब्रेक मारला. "पप्पा, सायकल होती." मला सायकल दिसली नव्हती. मग मी मान पूर्ण वळवली, तेव्हा सायकलवाला दिसला, अगदी खिडकीशी. मान सरळ केली, गेला. पुन्हा वळवली, होता. ऊन स्वच्छ होतं. सावली नव्हती, शेवाळ नव्हतं, हिरवं काही नव्हतं.

नाशिक येईपर्यंत मी मान वळवूनच बसलो. दिसेल ते मोठ्याने सांगत होतो. ट्रॅक्टर. माणूस. बस थांबलीय. ओझरच्या पुढे कधीतरी मी विचारलं, तुला केव्हा कळलं?

"हिरव्या दोऱ्याच्या वेळी. मला तो दिसत होता, पप्पा. पांढराही दिसत होता. सगळे दिसत होते मला."

दवाखान्यात काटा काढला, टाके घातले. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, सूतभराने वाचला. तिला आत नेलं होतं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर रडलो. महेश आला, शेजारी बसला. त्याची माफी मागायची होती, ती मागायच्या आधीच त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आत टाके पडत असताना पोरगी डॉक्टरांना काय सांगत होती, तर म्हणे, माझं होऊ द्या, मग बाहेर बसलेत त्यांचे डोळे बघायला कुठे न्यायचं ते लिहून द्या.

१७ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने हर्षालीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. डोळ्याचा दाब मोजला, दिव्याने आत बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, काचबिंदू आहे. यात मधलं शेवटपर्यंत चांगलं राहतं, कडेचं जातं, आणि जाताना दुखत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. दुकानातली पाटी वाचता येणारच. घरात कुणाला होतं का? मी नाही म्हणायच्या आत हर्षाली म्हणाली, आजोबांना असणार. गेलेलं परत येईल का, हे मी विचारलं. नाही, म्हणाल्या. रोज थेंब घालून उरलेलं राखायचं. किती उरलंय ते आता मशीनवर मोजू.

अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकलेला. मध्ये एक ठिपका, नजर तिथून हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवे लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मशीनवरच्या मुलीने सांगितलं, घाई करू नका काका, सोपं आहे.

सोपंच होतं. दिवा दिसला, दाबलं. दिसला, दाबलं. मला वाटलं, इतकं काही वाईट नाही. मग दिवे लागायचे थांबले. मी वाट बघत राहिलो, पाण्याकडे बघत बसतो तसा. अंगठा बटणावर तयार. नुसता पांढरा वाडगा. बराच वेळ गेला, तेव्हा मी म्हटलं, "ताई, मशीन बंद पडलं वाटतं."

मागून ती म्हणाली,

"चालू आहे, काका. दिवे लागताहेत. तुम्ही मध्ये बघत राहा."

मी मध्ये बघत राहिलो. मशीनचा बारीक आवाज येत होता, म्हणजे दरवेळी एक दिवा लागत होता, कुठेतरी, माझ्यासमोर. अंगठा दुखायला लागला इतका मी तो बटणावर दाबायच्या तयारीत धरला होता. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. लंकाबाई अशीच उभी असणार रस्त्याच्या कडेला, हात करत.

बाहेर हर्षाली होती, भुवईवर पट्टी, डोळा अजून काळानिळा. "झालं?" म्हणाली. झालं, म्हटलं. गाडीपाशी आलो. किल्ली तिच्याच हातात होती. मी डावीकडच्या दाराने चढलो, पट्टा लावला, मान खिडकीकडे वळवली.

तिने गाडी सुरू केली तेव्हा म्हटलं, "जरा हळू घे. डावीकडचं बघायला मला वेळ लागतो."